गोळी चालू आहे, पण अंगात त्राण नाही: नैराश्यावरच्या औषधांसोबत येणारा थकवा कसा हाताळायचा

नैराश्यावरची गोळी सुरू होऊन दोन-तीन महिने झाले. रडू थांबलं, भूक परत आली, पण सकाळी अंथरुणातून उठणं अजूनही जड जातं. अशा वेळी घरातून सल्ला येतो, ‘गोळ्यांनीच असं होतंय, बंद करून टाक.’ नाहीतर ‘आजारच तसा आहे, थकवा असायचाच.’ दोन्ही सल्ले घाईचे आहेत. या थकव्याची कारणं अनेक असतात, त्यांतल्या काहींचा गोळीशी संबंधही नसतो, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून आधी शोध घ्यायचा, मग बदल करायचा, आणि बदल एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं किंवा कशाने बिघडलं हे कधीच कळत नाही.

शोध चालू असताना गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका.

आधी पाकिटं वाचा

घरात चालू असलेली सगळी औषधं एका जागी काढा. बीपीची, ॲसिडिटीची, गुडघ्यांची, सर्दीची, सगळी. मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडा. खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा. दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा सापडणारी जोडी म्हणजे एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपॅम ०.५ मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. घेणाऱ्याला वाटतं आपण फक्त नैराश्याची गोळी घेतोय. क्लोनाझेपॅम हे गुंगी आणणारं औषध आहे आणि ते शरीरात निम्म्यावर यायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे आज रात्रीची गोळी घेताना कालची बरीचशी शिल्लकच असते. साठीपुढच्या माणसात ते आणखी रेंगाळतं. एस्सिटॅलोप्रॅमचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर आधार म्हणून ही जोडी दिली जाते. पुढे फेरतपासणी राहून जाते, औषधाच्या दुकानात जुनीच चिठ्ठी दाखवली जाते आणि वर्ष उलटतं. डॉक्टर यावर साधी वाट काढू शकतात: दोन्ही घटक वेगळ्या गोळ्यांत देऊन क्लोनाझेपॅम टप्प्याटप्प्याने कमी करणं. रोजची सवय झालेलं क्लोनाझेपॅम एकदम सोडलं तर झोप उडते, घबराट होते, फिटही येऊ शकते. त्यामुळे ते घरच्या घरी करायचं काम नाही.

आणखी काही ठिकाणी गुंगी लपलेली असते. पायांच्या मुंग्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत प्रीगाबालिन, नॉरट्रिप्टिलिन आणि मिथिलकोबालामिन एकत्र असू शकतं. यातलं नॉरट्रिप्टिलिन हे स्वतःच नैराश्यावरचं औषध आहे. पोटासाठी किंवा झोपेसाठी दिलेल्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. मायग्रेनसाठी किंवा छातीच्या धडधडीसाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने हातपाय गळतात. सर्दीच्या गोळीतलं सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन यात भर घालतं. दारूही तेच करते.

मूळ औषध कोणतं, त्यावरही बरंच ठरतं. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, ट्राझोडोन ही झोप आणणारी. फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन सहसा तरतरी आणणारी. सर्ट्रालिन आणि एस्सिटॅलोप्रॅम कुणाला झोपाळू करतात, कुणाची झोप मोडतात. नव्या औषधाची सुस्ती बऱ्याच जणांत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओसरते. दीड-दोन महिन्यांनंतरही ती तशीच असेल तर ‘सवय होईल’ म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

चौदा दिवसांची वही

साधी वही घ्या. रोज सकाळी ९, दुपारी २ आणि रात्री ८ वाजता अंगातल्या त्राणाला ० ते १० पैकी आकडा द्या. शेजारी गोळीची वेळ, झोपल्याची आणि उठल्याची वेळ, चहा-कॉफीचे कप आणि दिवसातलं सगळ्यात कष्टाचं काम लिहा. एवढंच. जास्त रकाने आखलेली वही चौथ्या दिवशी बंद पडते.

दोन आठवड्यांनी वाचताना हे बघा. सकाळी डोळे उघडत नाहीत, पण अकरा-बारापर्यंत डोकं मोकळं होतं, तर रात्रीच्या औषधाची गुंगी उरलेली असण्याची शक्यता मोठी. झोप येत नाही, दमही लागत नाही, पण कशातच जीव रमत नाही, आनंदही नाही आणि दुःखही नाही, तर तो थकवा नसून भावना बोथट होणं असू शकतं. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅमच्या गटात हे होतं आणि डोस कमी केल्यावर पुष्कळदा सुधारतं. याउलट निराशा आणि अपराधीपणा यांच्यासोबत सकाळ सगळ्यात वाईट जात असेल, तर आजारच पुरता बरा झालेला नाही. तिथे कदाचित डोस वाढवावा लागेल. ‘थकवा येतो’ एवढंच ऐकून डॉक्टरांना या दोन्हींतला फरक कळणार नाही. वही दाखवली तर कळेल.

आठ तास झोपूनही ताजंतवानं वाटत नसेल तर शेजारी झोपणाऱ्याला विचारा: मी घोरतो का, घोरताना श्वास थांबतो का, पाय झाडतो का, दात खातो का? श्वास थांबत असेल तर झोपेची तपासणी लागते. औषधांचा कितीही खेळ केला तरी तो थकवा जाणार नाही. संध्याकाळी पडल्यावर पाय सतत हलवावेसे वाटणं हे या औषधांनी सुरू होऊ शकतं किंवा वाढू शकतं, आणि लोह कमी असेल तर जास्तच. दात खाणंही याच औषधांनी वाढतं. सकाळी जबडा दुखत असेल तर तेही सांगा.

कोणत्या तपासण्या

हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, साखर आणि सोडियम. ड जीवनसत्त्व यांच्यानंतर.

हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन वेगळं तपासायचं. ते ३० च्या खाली असेल तर साठा कमी समजतात. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं झाल्यावर रक्त द्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते. चहाच्या आधी एक तास किंवा नंतर दोन तास घ्या, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत फार सापडते. वर्षानुवर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीचं पँटोप्राझोल घेणाऱ्यांतही. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. रक्त देण्याआधीच गोळ्या सुरू केल्या तर आकडा चांगला येतो आणि निदान हुकतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टीएसएचच्या आधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा, नाहीतर अहवाल चुकू शकतो.

सोडियमबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण ही तपासणी सर्रास राहून जाते. या औषधांनी, विशेषतः पहिल्या महिन्यात, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. धोका सगळ्यात जास्त वृद्धांना, त्यातही बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर. सामान्य पातळी १३५ ते १४५. सुरुवातीला थकवा, मळमळ, डोकेदुखी, चालताना तोल जाणं. पुढे बरळणं, झापड, फिट. घरचे ‘अशक्तपणा आहे, भरपूर पाणी पी’ म्हणतात, आणि जास्त पाण्याने सोडियम आणखी उतरतं. मिठाचं पाणी पाजणं हाही उपाय नव्हे. आजी-आजोबा औषध सुरू झाल्यापासून गळून गेले असतील तर त्याच दिवशी सोडियम तपासा. बरळत असतील तर थेट रुग्णालय गाठा.

उठून उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर घरच्या बीपी यंत्राने पाहता येतं. पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर लिहून ठेवा. अमिट्रिप्टिलिन, ट्राझोडोन आणि बीपीच्या गोळ्या एकत्र असल्या की हे होतं.

गोळीची वेळ

सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रॅमने झोप मोडत असेल तर गोळी सकाळी नाश्त्यानंतर, झोप येत असेल तर रात्री. डॉक्टरांना विचारून बदला आणि नवी वेळ निदान दोन आठवडे पाळा. मात्र गोळीत क्लोनाझेपॅम असेल तर ती सकाळी घ्यायची नाही. हे न बघता वेळ बदलली की माणूस ऑफिसात पेंगतो किंवा गाडी ठोकतो.

मिर्टाझापिन अकरा-साडेअकराला घेणाऱ्यांनी साडेआठ-नऊला घेऊन बघावं, सकाळ हलकी जाते. ते ७.५ मिलिग्रॅमवर आणल्याने गुंगी कमी होईल असं धरून चालू नका. कमी डोसातही त्याची झोप आणणारी बाजू पुरेशी जोरात असते, उलट ३० वर काहींना जास्त तरतरी वाटते.

चहा-कॉफीचा शेवटचा कप दुपारी दोनच्या आधी. फ्लुवोक्सामिन घेत असाल तर त्याने कॅफिन शरीरातून फार हळू जातं, तेव्हा सकाळच्या एका कपावर थांबलेलं बरं.

दिवसाची आखणी

बरं वाटलं त्या दिवशी माळा आवरायचा, कपाट लावायचं, आणि मग दोन दिवस झोपून काढायचे, हे चक्र आधी मोडायला हवं. वहीतल्या सर्वांत वाईट दिवशीही जेवढं काम झालं, तेवढंच आठवडाभर रोज करा. सलग वीस मिनिटं उभं राहवत असेल तर पंधराव्या मिनिटालाच बसा. दमल्यावर घेतलेली विश्रांती उशिरा पोचते. पोळ्या बसून लाटता येतात, भाजी आदल्या रात्री चिरून ठेवता येते, धुणं दोन दिवसांत विभागता येतं. जमलं तर पुढच्या आठवड्यात दहा टक्के वाढ, जास्त नाही.

चालणं हे नैराश्यातल्या थकव्यावर खरंच काम करतं: उठल्यावर तासाभरात बाहेरच्या उजेडात दहा मिनिटं. पण निकष दुसऱ्या दिवशीचा ठेवा. थोड्या श्रमानेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून येत असेल आणि डोकं चालेनासं होत असेल, तर ‘जोर लावा’ हा सल्ला उलटा पडतो. तिथे चालणं कमी करा आणि डॉक्टरांना नेमकं हेच सांगा, कारण हा वेगळा आजार असू शकतो.

दुपारची झोप तीनच्या आधी, गजर लावून, २० ते ३० मिनिटं.

गोळी बंद केल्यानंतरचा थकवा

औषध कमी केल्यावर किंवा बंद केल्यावर काही दिवसांतच थकवा, चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू झाले तर तो बहुधा औषध सुटल्याचा त्रास आहे. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हा लवकर आणि जोरात येतो, फ्लुओक्सेटिनमध्ये काही आठवड्यांनी. आजार परत येतो तो हळूहळू, आणि त्यात वीज चमकत नाही. औषध सुटल्याचा त्रास काहींना दोन आठवडे, काहींना काही महिने राहतो.

डोस उतरवताना शेवटचा टप्पा सर्वांत अवघड. २० मिलिग्रॅमवरून १० वर येणं सोपं जातं, ५ वरून शून्यावर येणं जड जातं, कारण छोट्या डोसातही औषधाचा मेंदूवरचा परिणाम बराच मोठा असतो. म्हणून खाली येताना पायऱ्या लहान करायच्या. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सनेही २०२० पासून हाच सल्ला दिला आहे. ‘एक दिवसाआड घ्या’ ही पद्धत पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिनला चालत नाही, दर दुसऱ्या दिवशी त्रास होतो. सीआर, एक्सआर लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या तोडू नका, ड्युलोक्सेटिनची कॅप्सूल उघडून दाणे कुटू नका.

या काळात जीव नकोसा वाटायला लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो.

डॉक्टरांसमोरची पाच मिनिटं

ओपीडीत वेळ तेवढाच मिळतो. वही पूर्ण वाचून दाखवू नका, कागदावर इतकंच लिहून न्या:

‘एस्सिटॅलोप्रॅम १० अधिक क्लोनाझेपॅम ०.५, रात्री १० ला, आठ महिने. बीपीची गोळी चालू, घटक सोबत. त्राण सकाळी ३, दुपारी ६, रात्री ६. मन ठीक, झोप नऊ तास, घोरत नाही. फेरिटिन, बी-१२, टीएसएच, सोडियमचे अहवाल जोडले आहेत. क्लोनाझेपॅम हळूहळू कमी करता येईल का? नाहीतर डोस, वेळ की औषध, यांतलं आधी काय बदलायचं? पुन्हा कधी दाखवू?’

औषध बदलून ब्युप्रोपिऑन द्यायचा विचार निघाला तर पूर्वी कधी फिट आली होती का, किंवा अति खाऊन उलटी काढण्याचा त्रास होता का, हे आपणहून सांगा. अशांना ते देत नाहीत.