त्र्यंबकच्या खोऱ्यातल्या जुन्या वाड्यात मुक्काम करायचा तर

फोनवर सगळ्यात आधी जिन्याचं विचारा. भाडं, नाश्ता, गाडी लावायची जागा हे नंतर.

मी पहिल्यांदा आईला घेऊन ऑगस्टात गेलो तेव्हा हे विचारलंच नव्हतं. खोली मिळाली माळ्यावर. जिना भिंतीच्या पोटातून गेलेला, अंधारा, पायऱ्या उंच, आणि न्हाणीघर खाली चौकापलीकडे. रात्री दोनदा आईचा हात धरून उतरलो, चौकात पाऊस कोसळत होता. तेव्हापासून सोबत वयस्कर माणूस असलं की ओसरीलगतची, तळमजल्यावरची खोली मागतो. न्हाणीघर खोलीला जोडून आहे का, तेही स्पष्ट विचारतो.

एसी आहे का, हे विचारू नका. काळ्या दगडाची दोन-अडीच फुटी भिंत एप्रिलमधली दुपारसुद्धा बाहेर थोपवते. गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटचा, हे मात्र विचारा. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट किंवा ऑईलपेंट चढवला की ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात गादी-उशीला कुबट वास येतो. खोली दाखवली की खालच्या कोपऱ्यावर तळवा टेकवून बघा. रंग फुगलेला लागला तर दुसरी मागा, संकोच नको.

कधी जायचं? नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि इगतपुरीत ३,००० च्या वर. त्र्यंबकच्या डोंगरातही जुलै-ऑगस्टात धुकं असं उतरतं की समोरचा ब्रह्मगिरी दिवसदिवस दिसत नाही. सप्टेंबरअखेर जा. कड्यांवर सोनकी पिवळी झालेली असते, भात पोटरीत आलेला असतो. श्रावणी सोमवार टाळाच. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला एवढी माणसं येतात की रस्ता हलत नाही.

जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा. अशा ठिकाणी माणसं मोजूनच चूल पेटते. नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि ठेचा मागा. भाकरी तव्यावरून थेट ताटात येऊ द्या, गार झाली की कडक होते. बॅटरी आणि लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड बरोबर असू द्या. सागाच्या खांबात खिळा ठोकू नका, कोरीव खुंटीवर ओला टॉवेल टाकू नका. माझं लहानपण भद्रकालीतल्या वाड्यात गेलं. तिथे आता चार मजली इमारत आहे, म्हणून हे पोटतिडकीनं सांगतोय.

आणि रात्री मुख्य दार लावतात ते बघायला थांबा. भिंतीतल्या चौकोनी भोकातून सागाचा अडसर बाहेर ओढतात, तो दगडाला घासत समोरच्या भिंतीतल्या खाचेत जाऊन बसतो. इतक्या पिढ्यांचे हात लागून लाकडाचं टोक काळंभोर, गुळगुळीत झालंय. ओढून बघू का, असं विचारलंत तर नाही म्हणत नाहीत. आईनं ओढला. तिच्या माहेरी असाच होता, आणि तो लावायचं काम धाकटी म्हणून तिच्याकडे असायचं, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

दोन रात्री राहा. पहिली सकाळ सामान लावण्यात आणि चहात जाते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ओट्यावर येऊन बसा. याच डोंगरांत उगम पावलेली गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघते आणि वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे. वाड्यातल्या कुणालाही विचारा, चहाचा कप खाली ठेवून हातानं दोन्ही वाटा दाखवतील.