जुनी गाडी घरीच दुरुस्त करताय? या चुका टाळा

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं. म्हणजे रस्त्यावर दिसणारी शेवटची ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. गाडीचं काम शिकायला मात्र यापेक्षा चांगली गाडी मिळणं कठीण. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं छोटं इंजिन, बॉनेट उघडलं की हात घालायला भरपूर जागा आणि पार्ट अजूनही मिळतात. अशा गाडीची छोटी-मोठी कामं घरी जरूर करावीत. पैसे आणि वेळ वाया जातो तो बिघाड शोधायच्या आधीच पार्ट बदलल्यामुळे.

सर्वांत जास्त दिसणारं उदाहरण बॅटरीचं. सकाळी चावी फिरवली, नुसतं ‘टक्’ वाजलं, सेल्फ फिरला नाही, की लगेच नवी बॅटरी आणली जाते. ती बसवताना टर्मिनल घासून घट्ट होतात, गाडी चालू होते आणि जुनी बॅटरीच खराब होती असा समज पक्का होतो. त्याआधी वीस मिनिटं खर्च करा. साधा मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर बंद असेल तर चांगल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा दिसतो, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा, दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष बॅटरीचा नाही, अर्थिंगचा, म्हणजे निगेटिव्ह खांबापासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या वायरच्या जोडाचा आहे. बॉडीला जोडलेली ती वायर सोडवा, खालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून धातू चमकवा, पुन्हा घट्ट बसवा. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढायचं आणि लावताना ते शेवटी लावायचं. नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला की ठिणगी उडते.

अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची सवय अजून अनेक गॅरेजमध्ये आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर ती बऱ्याचदा खपून गेली. एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत मात्र बॅटरी सुटल्यावर व्होल्टेज एकदम उसळतं आणि तो कॉम्प्युटर (ईसीएम) जळू शकतो. वर सांगितलेला चालू इंजिनचा आकडा हीच अल्टरनेटरची तपासणी आहे, वेगळं काही करावं लागत नाही.

गाडी गरम होणं हा दुसरा मोठा विषय. एप्रिल-मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना काटा वर गेला की कोणीतरी हमखास सल्ला देतं, ‘थर्मोस्टॅट काढून टाका.’ हे करू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. तो काढला की इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त लागतं, आणि मूळ बिघाड मात्र तसाच राहतो. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो सोडवून पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर उघडण्याचं तापमान छापलेलं असतं, बहुतेकांवर ८२ अंशांच्या आसपास. पाणी उकळायला लागलं तरी तोंड बंदच असेल तर नवा घ्या.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी बघतच नाही. त्याची स्प्रिंग आणि रबर कुकरच्या शिटीसारखं काम करतात. आतला दाब टिकला तरच कुलंट शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. रबर चिरलं असेल तर रेडिएटरला हात लावायच्या आधी झाकण बदला. पंखा फिरत नसेल तर त्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघा. फिरला तर मोटर चांगली आहे, आता फ्यूज, रिले आणि पंख्याचा स्विच याच क्रमाने तपासा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं, ते वाकतं. बोअरचं पाणी भरत राहिलात तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात, म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कुलंटच वापरा.

हेड अॅल्युमिनियमचं म्हणूनच त्यात बसणारे स्पार्क प्लगही जपून बसवायचे. इंजिन थंड असताना, सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर प्लग तिरका बसतोय. पाना लावून जोर केलात तर हेडचे आटे जातील आणि चारशे-पाचशेच्या कामासाठी हेड उतरवावं लागेल. ऑइलच्या ड्रेन बोल्टलाही हेच लागू. ऑइल फिल्टर बदलताना जुनं रबर पॅकिंग इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन पॅकिंग एकावर एक बसली की सगळं ऑइल रस्त्यावर सांडतं.

फ्यूज सारखा उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावणं म्हणजे वायरिंगला आग लावणं. कुठेतरी वायर घासून बॉडीला लागते आहे, ती शोधा.

गाडीसोबत येणारा जॅक फक्त टायर बदलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालू नका. सपाट, टणक जमीन हवी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड लावा, खाली स्टँड ठेवा. कोकणात, समुद्राच्या हवेत राहिलेल्या गाडीचा जॅक लावायचा भाग आधी हाताने दाबून बघा. वरून रंग शाबूत असतो, आतून पत्रा गंजलेला असतो आणि वजन येताच जॅक पत्र्यात घुसतो.

एअरबॅगचं आणि सीएनजी किटचं काम घरी करायचं नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्टही अधिकृत केंद्रातच करा. ब्रेकच्या टाकीत झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल टाका. इंजिन ऑइलचा थोडा अंशही आत गेला तर सगळे रबर सील फुगतात. ब्रेक पॅड स्वतः बदलले असतील तर गाडी गियरमध्ये टाकायच्या आधी, जागेवर उभी असतानाच, पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. पॅड बसवताना ब्रेकचा पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं.