भाड्याने देण्यासाठी घर घेण्यापूर्वी

भाड्याने देण्याच्या हेतूने पहिले घर घेणारे बहुतेक जण 'भाव वाढेल का?' हाच प्रश्न आधी विचारतात. प्रश्न योग्य आहे, परंतु त्याचे खात्रीचे उत्तर कोणाजवळच नसते. हे घर दर महिन्याला आपल्याला किती देईल आणि आपल्याकडून किती मागेल, याचा हिशेब मात्र व्यवहारापूर्वीच बऱ्याच अंशी मांडता येतो; म्हणून सुरुवात तेथून करावी, असा माझा आग्रह आहे.

वर्षभराच्या भाड्याला घराच्या किमतीने भागले की ढोबळ परतावा मिळतो आणि घर दाखवणारा सहसा हाच आकडा सांगतो. समजा, घराची किंमत १०० आहे आणि वर्षाचे भाडे ६ आहे. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, तर भाडे साडेपाचवर येते. मालमत्ता कर, विमा, इमारतीच्या देखभालीची वर्गणी आणि डागडुजी मिळून दीड गेले, तर हातात ४ उरतात. खरेदीच्या वेळचे शुल्क, कर, दलाली, वकिलाची फी आणि सुरुवातीची रंगरंगोटी यांवर ८ खर्च झाले असतील, तर आपली खरी गुंतवणूक १०८ आहे. म्हणजे ६ टक्के म्हणून सांगितलेला परतावा प्रत्यक्षात ३.७ टक्के ठरतो. येथील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या घराचे आकडे त्यांच्या जागी घालून हा हिशेब कागदावर करावा आणि एखादा खर्च ठाऊक नसेल, तर तो शून्य धरण्याऐवजी त्याच इमारतीतील जुन्या घरमालकाला विचारावा.

कर्ज किती घ्यावे, हा यापुढचा आणि माझ्या मते सर्वांत वजनदार निर्णय आहे. वरच्याच घरासाठी ८० चे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर वर्षभराचे हप्ते सुमारे ८.६४ होतात. भाड्यातून ४ उरत असल्यामुळे बाकीचे ४.६४ दरवर्षी पगारातून किंवा अन्य उत्पन्नातून भरावे लागतील, आणि ते भरण्याची ऐपत आज आहे एवढे पुरेसे नसून पुढची अनेक वर्षे ती टिकेल का, हे पाहावे लागते. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांपैकी मुद्दल जेमतेम १.५ फिटते, उरलेले ७.१४ हे व्याज असते. व्याज ७.१४ आणि निव्वळ भाडे ४, म्हणजे वर्षाला ३.१४ चा तोटा. त्यामुळे पहिल्या वर्षी भाव ३.१४ टक्क्यांहून कमी वाढला, तर हा व्यवहार तोट्यात आहे, आणि यात आपण स्वतः घातलेले २८ (किमतीपैकी २० आणि खरेदीखर्चाचे ८) अन्यत्र किती कमावू शकले असते, हे अजून धरलेलेच नाही. भाववाढीचा प्रश्न येथे पुन्हा येतो, पण आता त्याला नेमके माप मिळालेले असते: किमान किती वाढ हवी आणि तेवढी वाढ गृहीत धरण्याला आधार काय?

निव्वळ परतावा व्याजदरापेक्षा कमी असेल, तर वाढवलेले कर्ज उत्पन्नाचे खड्डे खोल करते. जास्त असेल, तरच ते दरवर्षी आपल्या बाजूने काम करते. शिवाय भाव १० टक्क्यांनी उतरला, तर किमतीत आपण घातलेल्या २० पैकी १० जातात, म्हणजे निम्मा वाटा नाहीसा होतो, कर्ज मात्र तेवढेच राहते. व्याजदर बदलता असल्यास तो दोन टक्क्यांनी वाढला, तर हप्ता झेपेल का, हेही आधीच तपासावे. किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च भागतील एवढी रोकड वेगळी ठेवल्याशिवाय खरेदी करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण अडचणीच्या काळात घाईने विकलेल्या घराला योग्य भाव मिळणे कठीण असते.

नवे घर घ्यावे की जुने? बांधकाम चालू असलेल्या घरात ताबा मिळेपर्यंत भाडे नसते, व्याज मात्र सुरू होते, आणि ताबा लांबला की सगळा हिशेब बिघडतो. जुन्या घराचे भाडे आजच ठाऊक असते. तेथे नळांच्या वाहिन्या, वीजजोडणी, ओल आणि छप्पर जाणकाराकडून तपासून घ्यावे. मालकीची कागदपत्रे आणि घरावरचा बोजा पाहण्यासाठी आपला स्वतंत्र वकील नेमावा. कर्ज देणारी संस्था करते ती तपासणी तिच्या पैशाच्या सुरक्षिततेसाठी असते आणि तिच्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

भाडेकरू बदलावा की भाडे थोडे कमी ठेवून चांगला भाडेकरू टिकवावा, याबाबत घरमालक अनेकदा अंदाजाने वागतात. समजा, महिन्याचे भाडे १०० आहे, म्हणजे बारा महिन्यांचे १२०० होतात. भाडे १०५ केले आणि त्यापायी घर एक महिना रिकामे राहिले, तर ११५५ मिळतात. एका रिकाम्या महिन्याची भरपाई होण्यासाठी भाडे ९ टक्क्यांहून थोडे अधिक वाढावे लागते, आणि नव्या भाडेकरूसाठीची दलाली व रंगकाम धरले, तर त्याहूनही जास्त. वेळेवर पैसे देणारे, घर नीट ठेवणारे कुटुंब हे मोठे उत्पन्न आहे. त्यासाठी आधी उत्पन्नाचा पुरावा आणि मागील घरमालकाचा अनुभव विचारावा, करार लेखी करावा, आणि अनामत रकमेतून कोणत्या नुकसानीचे पैसे कापले जातील, हे त्यात स्पष्ट लिहून ताबा देताना घराची छायाचित्रे दोघांच्या संमतीने काढून ठेवावीत.

विक्रीचा निर्णय घेताना खरेदीची किंमत मनातून बाजूला ठेवणे अवघड जाते, तरीही ते करावे. पंधरा वर्षांत घर दुप्पट झाले, हे ऐकायला मोठे वाटते. वार्षिक वाढ म्हणून ते सुमारे ४.७ टक्के असते. घर आज विकले, तर कर, दलाली आणि उरलेले कर्ज वजा जाता हातात किती येईल, ते आधी काढावे, आणि मग वर्षाच्या निव्वळ भाड्यातून कर्जाचे व्याज वजा करून उरणारी रक्कम त्या पैशावर किती टक्के पडते, ते पाहावे. भाववाढीचा वाजवी अंदाज जोडूनही हा दर इतरत्र कमी जोखमीने मिळणाऱ्या दराहून कमी असेल, तर घर विकण्याची तयारी सुरू करावी, आणि भाडेकराराची मुदत संपण्याच्या काही महिने आधी भाडेकरूला तसे लेखी कळवावे.