शी दाबून धरणाऱ्या मुलांसाठी

आमच्या बाल-ओपीडीत आया येतात त्या बहुतेक हेच सांगतात: "सिस्टर, हा किती जोर लावतो, पण शी होतच नाही." मी विचारते, जोर लावताना दिसतो कसा? तर दाराआड जातो, पाय आवळून चवड्यांवर उभा राहतो, लालबुंद होतो. बायांनो, तो जोर लावत नाही, शी आत धरून ठेवतोय. एकदा खडा होऊन दुखलं की पोर पुढच्या वेळी घाबरून दाबून धरतं. आत राहिलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, खडा आणखी कडक होतो आणि आणखी दुखतं. म्हणून सगळ्यात आधी शी मऊ करायची, इतकी की दुखणारच नाही.

तान्ह्यांचं वेगळं असतं. फक्त अंगावर पिणारं बाळ दीड महिन्यानंतर कधी कधी आठवडाभरही शी करत नाही. नंतर झालेली शी मऊ असेल, वजन वाढत असेल, तर काही करू नका. काही बाळं दहा-पंधरा मिनिटं कुंथतात, रडतात आणि मऊ शी करतात. कुंथताना खालचा स्नायू सैल सोडायचं त्यांना अजून जमत नसतं, ते आपोआप जमतं. साबणाची वडी, विड्याच्या पानाचा देठ, एरंडेल, यातलं काहीही नको. आतली नाजूक त्वचा सोलवटलेली बाळं मी पाहिली आहेत. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. पावडरचं दूध डब्यावर लिहिलेल्या मापानेच करा, घट्ट नाही.

पण पहिली काळी शी जन्मानंतर 48 तासांत झाली नसेल, पोट फुगलं असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर घरी थांबू नका. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसण्याचा एक जन्मजात आजार असतो, त्याला शस्त्रक्रिया लागते.

वर्षावरच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. बाटल्यांवर बाटल्या दूध आणि चहात बुडवलेली बिस्किटं खाऊन पोट भरलेलं पोर भाकरी खाणार कधी? वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पपई, बिया काढलेला पेरू, रात्री भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका द्या. पाणी घोट घोट, दिवसभर.

जेवण झालं की आतडं हलतं, त्यामुळे जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट हवाच, पाय लोंबकळत असले की कुंथता येत नाही. रागावू नका. शी शिकवायला घेतल्यापासूनच दाबायला लागलं असेल, तर काही दिवस पुन्हा डायपर घाला.

शी आत साचून गच्च झाली की खाण्यापिण्याने सुटत नाही. चड्डीला सारखी पातळ शी लागते, आणि घरचे जुलाब समजून ते थांबवायचं औषध देतात. ती खड्याच्या बाजूने झिरपणारी शी असते. अशा वेळी डॉक्टर शी मऊ करणारं औषध, लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल, वजनाप्रमाणे देतात. आधी साचलेलं काढायला मोठा डोस, मग रोजचा. "सवय लागेल" म्हणून आठवड्यात बाटली बंद करणारे फार असतात, आणि ती मुलं परत येतात. या औषधांची सवय लागत नाही. शी रोज मऊ व्हायला लागल्यावरही निदान दोन महिने द्यायचं, आणि मग डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायचं. मध्येच ताप आला, लांबचा प्रवास झाला किंवा शाळा सुरू झाली, तर पुन्हा अडकू शकते. शाळेतला संडास घाण असेल तर मूल घरी येईपर्यंत धरून ठेवतं. बाईंशी बोला, आणि सकाळी दहा मिनिटं लवकर उठवून घरीच बसवा.