भाताचे फुटवे मोजायला बसण्याआधी

एम.एस्सी.च्या पहिल्या खरिपात माझ्याकडे भाताचे फुटवे, म्हणजे रोपाच्या बुडातून निघणाऱ्या बाजूच्या काड्या, मोजायचं काम आलं. लावणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवशी एका वाफ्यात चुडाला (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याला) बावीस-तेवीस फुटवे दिसले आणि मी वहीत त्या वाफ्यापुढे चांदणी काढून ठेवली. कापणीला त्याच चुडांत धड भरलेल्या लोंब्या दहा-अकरा निघाल्या, बाकी फुटवे मधेच वाळून गेले होते. शेजारच्या वाफ्यात फुटवे कमी होते, धान्य मात्र जास्त. चांदणी खोडावी लागली.

फुटवा पहिले काही दिवस मुख्य काडीच्या जिवावर जगतो. साधारण तीन पानं झाली की त्याला स्वतःची मुळं येतात. लोंबीचा गर्भ धरण्याच्या वेळी जो फुटवा एवढा मोठा झालेला नसतो, त्याचं पोषण तुटतं, कारण झाडाचं अन्न लोंबीकडे वळतं. म्हणून एकाच तारखेला मोजून फारसं कळत नाही. फुटवा आला केव्हा, हे टिपा. मी दुसऱ्या वर्षी फुटव्यांना दोरे बांधले: पहिल्या पंधरवड्यात लाल, पुढच्यात पिवळा, नंतर हिरवा.

गणितही करून बघा. २० × १५ सेंमी अंतरावर चौरस मीटरला सुमारे ३३ चूड बसतात. चुडाला दहा लोंब्या धरल्या तर ३३० झाल्या. चुडाला लोंब्या वाढवण्यापेक्षा चूड वाढवणं कित्येकदा सोपं असतं, विशेषतः रोप जून झालं असेल तेव्हा. खोल लावलेलं रोपही खालचे फुटवे गमावतं आणि नेमके तेच सर्वांत लवकरचे असतात.

पक्वतेचा घोळ मला सगळ्यात उशिरा कळला. निसवल्यापासून, म्हणजे लोंबी बाहेर पडल्यापासून, दाणा पिकायला आपल्याकडच्या उन्हात महिनाभर लागतो. मुख्य काडी आणि शेवटचा फुटवा यांच्या निसव्यात आठ-दहा दिवसांचं अंतर पडलं की एकाच चुडात पिवळी लोंबी आणि हिरवी लोंबी शेजारी उभ्या राहतात. थांबलात तर पिवळीचे दाणे झडतात. कापलात तर हिरवीत पळींज, म्हणजे पोकळ दाणे, आणि गिरणीत तांदळाचा तुकडा. युरियाचा हप्ता उशिरा दिला की हा प्रकार हमखास वाढतो. ‘शेत अजून हिरवंगार आहे’ असं कुणी कौतुकाने सांगू लागलं, की मी आता आधी खताची तारीख विचारतो.

मग कमी फुटव्यांचंच वाण का करू नये? फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९८९च्या सुमारास नेमकं हेच सुरू केलं: मोजके फुटवे, वांझ एकही नाही, लोंब्या मोठ्या. सुरुवातीच्या वाणांत दाणे नीट भरले नाहीत आणि झाडाचं एकूण वजनही कमी पडलं. शिवाय कीड लागून किंवा मर होऊन चूड विरळ झाले, तर ती तूट भरून काढायला फुटवेच लागतात. मौखिकीत हा प्रश्न आला तर दोन्ही बाजू मांडा.

मोजणीला पेन्सिल न्या, पावसात पेनाची शाई पसरते. आणि हिरवा दोरा वापरू नका. माझे अर्धे दोरे कापणीच्या दिवशी पानांत सापडलेच नाहीत; उशिराच्या फुटव्यांचा तक्ता त्यामुळे अर्धा कोरा राहिला.