गर्भपिशवीच्या तोंडाची बायोप्सी: आधी, टेबलावर आणि नंतर

मी या तपासणीच्या खोलीत सिस्टर म्हणून उभी असते. बायका 'बायोप्सी' ऐकूनच अर्ध्या खचतात. तपासायला तुकडा घेतला, म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही.

तारीख शक्यतो पाळी नसताना घ्या. आदल्या दिवशी संबंध आणि योनीत ठेवायच्या गोळ्या टाळा. रक्त पातळ करणारं औषध सुरू असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर आधीच सांगा. औषध मनाने बंद करू नका.

टेबलावर स्पेक्युलम (योनी उघडी ठेवायचं साधन) घालतात तेव्हा दाब जाणवतो. मग डॉक्टर व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात, जरा चुरचुरतं. संशयाची जागा त्याने पांढरी दिसते. तिथला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा चिमट्याने घेतात. त्या क्षणी ओटीपोटात पाळीसारखी कळ येते. श्वास रोखू नका, तोंडाने हळू सोडा. मी हात धरते. तुमच्या सिस्टरलाही बिनधास्त सांगा. उठायची घाई नको, चक्कर येऊ शकते.

घरी थोडं रक्त जातं. रक्त थांबवायला लेप लावला असेल तर कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट स्राव येतो. घाबरू नका, तो लेपच असतो. पॅडच वापरा. संबंध किती दिवस टाळायचे ते विचारून घ्या, बहुधा आठवडाभर.

तासाभरात पॅड भिजलं, ताप आला, घाण वास आला किंवा पोटदुखी वाढली, तर लगेच दवाखाना गाठा. रिपोर्ट साधारण एक-दोन आठवड्यांत येतो. तो स्वतः जाऊन समजून घ्या.