नवा दिवा जोडला आणि जुना बिघडला: वायरिंगमधली चूक कशी शोधायची

जादा दिवा बसवल्यावर काही बिनसलं की लोक लगेच बोर्ड उघडतात. मी आधी खाली उभी राहून बटणं दाबते. कोणतं बटण चालू असताना कोणता दिवा कसा वागतो, हे कागदावर लिहिते. एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा बोर्डावरचा स्विच) पडत असेल तर नेमका कधी पडतो तेही. निम्म्या वेळा चूक त्या कागदावरच दिसते.

हमखास दिसणारा प्रकार असा. जुन्या दिव्याचं बटण बंद असताना नवा दिवा लागतो आणि बटण चालू केलं की विझतो. बटणाला दोन वायरी असतात. एक फेज (वीज आणणारी), दुसरी न्यूट्रल (वीज परत नेणारी), असं समजून कुणीतरी नवा दिवा त्या दोघींवर लावलेला असतो. पण त्यातली एक फेज आणते आणि दुसरी तीच फेज दिव्याकडे नेते. न्यूट्रल बऱ्याच घरांत बटणापर्यंत येतच नाही, तो वरच्या जंक्शन बॉक्समधून परस्पर होल्डरला जातो. त्यामुळे नवा दिवा जुन्याशी सीरिजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, बसतो. दोन्ही एलईडी असतील तर मंद लागतात, लुकलुकतात किंवा लागतच नाहीत. उपाय एकच, त्याच सर्किटचा खरा न्यूट्रल नव्या दिव्यापर्यंत ओढून आणणे. न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थिंगची वायर वापरणारे महाभाग आहेत. दिवा लागतो हो, पण ती अर्थिंग पुढे कुठे तुटली तर घरातल्या यंत्रांच्या धातूच्या अंगावर करंट येतो. हे कधीच करू नका.

बटण चालू असताना दोन्ही दिवे मंद लागत असतील तरीही सीरिजच, फक्त चूक होल्डरपाशी आहे. जुन्या दिव्यातून निघालेली वायर नव्यात घातलेली असते. दोघांच्या फेज एका जागी, दोघांचे न्यूट्रल दुसऱ्या जागी जोडा.

एमसीबी वर करताक्षणी पडला तर फेज थेट न्यूट्रलला किंवा अर्थिंगला भिडली आहे. बटण दाबल्यावरच पडला तर बटणानंतरचा भाग तपासा. छताच्या बॉक्समध्ये काळ्या वायरी दिसल्या, म्हणजे न्यूट्रलच, असं समजून सगळ्या एकत्र पिळलेल्या असतात आणि त्यातली एक बटणाकडून येणारी फेज असते. रंगावर विश्वास ठेवू नका. आधीच्या माणसाकडे त्या दिवशी कुठलं बंडल शिल्लक होतं, एवढंच कधीकधी रंगावरून कळतं.

आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडण्याचं कारण वेगळं. तो जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअरच्या फरकाला पडतो. नवा दिवा लावताच तो पडला तर फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल दुसऱ्याचा घेतलाय का बघा. दिवा बंद असूनही, घरात दुसरं काही चालू केल्यावर पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकला असण्याची शक्यता मोठी. दिव्याच्या धातूच्या पत्र्याखाली वायर चिमटली आहे का, हे आधी पाहावं.

दिवा लागत नाही, पण टेस्टर होल्डरच्या दोन्ही टोकांवर पेटतो? दोन फेज आलेल्या नाहीत, न्यूट्रल तुटलाय. फेज दिव्यातून फिरून दुसऱ्या टोकाला पोचते. मात्र टेस्टर शेजारच्या वायरीच्या प्रभावानेही मिणमिणतो, म्हणून शेवटचा निकाल मल्टिमीटरचा.

बटण बंद करूनही एलईडी अंधुक जळत राहिला तर बटण न्यूट्रलवर बसवलं आहे का, ते प्रथम तपासा. तसं असेल तर बंद दिव्याच्या होल्डरमध्येही फेज कायम असते आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. बटण फेजवर निघालं तर संशय बटणातल्या छोट्या इंडिकेटरवर किंवा लांबपर्यंत शेजारून गेलेल्या वायरींवर घ्या; तो प्रकार बहुधा फक्त त्रासाचा असतो.

जिन्याच्या दिव्याचं वरचं बटण एकाच स्थितीत असताना खालचं चालत असेल, तर टू-वे बटणाच्या (दोन ठिकाणांहून एकच दिवा चालवणाऱ्या) कॉमन स्क्रूवर, म्हणजे दोन्ही स्थितींत जोडलेल्या राहणाऱ्या स्क्रूवर, चुकीची वायर गेली आहे. हा स्क्रू सगळ्या बटणांत एकाच जागी नसतो, खूण बघून लावा.

उघडायची वेळ आलीच तर एका एमसीबीवर भागवू नका, मेन स्विच पाडा. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, आणि दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल त्या बॉक्समध्ये असला तर तो सोडवताना झटका देऊ शकतो. मेन पाडण्याआधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून बघा, मग मेन पाडून वायरींवर, आणि मेन पुन्हा चालू केल्यावर परत सॉकेटवर. मेलेला टेस्टर सगळंच बंद दाखवतो. वायरी सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.

जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका, कनेक्टर वापरा आणि प्रत्येक वायर ओढून बघा. दिवा तासभर चालवून मेन पाडा आणि जोडाला हात लावा. गरम लागला तर तो सैल आहे, पुन्हा करा. वायरीचं आवरण काळवंडलेलं किंवा ठिसूळ झालेलं दिसलं तर तिथेच थांबा. ती वायर बदलायला परवानाधारक वायरमन बोलवा.